नेसीच्या मागे लागलेला विमानवाला इंजिनिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चाकणला क्वालिटीत आहे, म्हणजे तयार मालाची मापं तपासायचं काम. दिवसभर व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज आणि "हे रीडिंग कुणी घेतलं रे" ही माझी दुनिया. पण मला एक नाद आहे, टिम डिन्सडेल या माणसाबद्दल जे मिळेल ते वाचायचा, आणि एकदा चुकून ऑफिसात बोलून गेलो तेव्हापासून कॅन्टीनपासून मावसभावाच्या लग्नापर्यंत सगळीकडे तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच लिहून टाकतोय, आता विचारलं की हेच पुढे पाठवणार.

हा डिन्सडेल नक्की कोण?

ब्रिटिश माणूस, जन्म १९२४ चा. रॉयल एअर फोर्समध्ये होता, नंतर एरोनॉटिकल इंजिनिअर म्हणून पोटापाण्याला लागला. लंडनच्या पश्चिमेला रेडिंगमध्ये घर, बायको, चार पोरं, म्हणजे अगदी आपल्यासारखा मध्यमवर्गीय हिशेब. आणि १९६० पासून १९८७ च्या डिसेंबरात मरेपर्यंत हा माणूस स्कॉटलंडच्या एका तळ्यातला प्राणी शोधत राहिला. पगारी काम नाही, कुणी पाठवलेलं नाही, डिग्री प्राणिशास्त्राची नाही. त्या तळ्यातल्या प्राण्याला लाडाने नेसी म्हणतात, लॉक नेस मॉन्स्टर.

लॉक की लॉख?

लॉख. शेवटी घशातून ख काढायचा. म्हणजे तळं किंवा सरोवर. आपल्या पेपरात लॉक छापतात म्हणून कुलूप वाटतं. मी पुढे सरळ तळंच लिहितोय.

क्रिप्टोझूलॉजी म्हणजे भुताखेतांचं काहीतरी ना?

नाही हो. ज्या प्राण्यांबद्दल लोक सांगतात, पण म्युझियममध्ये नमुना नाही, अशांचा शोध. यती, बिगफूट, नेसी ही गँग. बर्नार्ड ह्यूवेलमान्स नावाचा बेल्जियन-फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ या विषयाचा बाप मानला जातो. विद्यापीठात याला कोणी विचारत नाही, त्यामुळे यात हौशी लोकच जास्त, आणि गंमत म्हणजे त्यात इंजिनिअर, वकील, टेक्निशियन असे मोजामाप करणारे लोक पुष्कळ सापडतात. का, ते खाली येईलच.

त्या तळ्यात असं काय आहे?

आकारच. सुमारे ३७ किलोमीटर लांब, रुंदी जेमतेम दीड किलोमीटर, आणि खोली २३० मीटरपर्यंत. म्हणजे एका लांबलचक भेगेत पाणी भरलंय असं समजा. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचं पाणी एकत्र केलं तरी या एका तळ्यापेक्षा कमी भरतं. वर पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी माती धुऊन येते त्यामुळे पाणी कडक चहासारखं, थोडं खाली गेलं की काळोख. आणि खालचं पाणी बारा महिने ५-६ डिग्री. आता अशा जागी "काहीतरी आहे" म्हणायला किती सोपं, आणि "काही नाही" हे दाखवायला किती अवघड बघा.

१९३३ च्या मे महिन्यात जवळच्या इन्व्हर्नेस शहराच्या स्थानिक पेपरात तळ्यात मोठा प्राणी दिसल्याची बातमी आली, त्याच सुमारास काठाने मोटारींचा नवा रस्ता झाला, गाड्या वाढल्या, बघणारे वाढले, आणि प्राणी पण वाढला.

इंजिनिअरला हा नाद लागला कसा?

१९५९ मध्ये एका मासिकात नेसीवरचा लेख वाचला, एवढंच निमित्त. बाकीच्यांनी वाचून मासिक रद्दीत टाकलं असतं, याने काय केलं, तर जुन्या साक्षी गोळा केल्या, जवळजवळ शंभर, आणि त्यांचा तक्ता मांडला. किती अंतरावरून दिसलं, मान किती लांब, पाठीवर उंचवटे किती, रंग कोणता, वेग किती. आज आपण एक्सेलमध्ये करतो तसं, फक्त हाताने. आणि त्यातून एक सरासरी प्राणी काढला, लांब मान, छोटं डोकं, उंचवटे, वल्ह्यासारखे पाय.

इथे मला त्याचं कौतुक पण वाटतं आणि कपाळाला हात पण लावावासा वाटतो. कारण आमच्या लाइनमध्ये पहिली शिकवण ही की गेजच चुकीचं असेल तर शंभर रीडिंग घ्या नाहीतर हजार, सरासरी चुकीचीच येणार, उलट चुकीची जास्त खात्रीने येणार. हे शंभर साक्षीदार म्हणजे कॅलिब्रेट न केलेली, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडून न घेतलेली शंभर यंत्रं, आणि १९३४ नंतरच्या बहुतेकांनी तो एक फोटो आधी बघितलेला होता.

कोणता फोटो?

तोच तो, पाण्यातून हंसासारखी मान वर आलेली. एप्रिल १९३४ मध्ये डेली मेलमध्ये छापला, विल्सन नावाच्या डॉक्टरने काढला म्हणून सर्जनचा फोटो म्हणतात. खेळण्यातली पाणबुडी घेऊन त्यावर मान-डोकं चिकटवलेलं होतं, सगळं मिळून वीतभर-हातभर. बनवणाऱ्यांपैकी ख्रिश्चन स्परलिंग म्हातारपणी कबूल झाला आणि १९९४ मध्ये ते जगजाहीर झालं. डिन्सडेल तो फोटो खरा धरून चालला होता. त्याच्यावरच्या पाण्याच्या तरंगांचा त्याने बारीक अभ्यास केला होता, इंजिनिअरच तो. कबुली बाहेर आली तेव्हा त्याला जाऊन सहा वर्षं होऊन गेली होती.

२३ एप्रिल १९६० ला काय झालं, नीट सांगा.

हाच मुख्य प्रश्न, म्हणून जरा सावकाश सांगतो.

डिन्सडेल पहिल्यांदा तिथे गेला तो आठवड्याभराच्या सुट्टीत. बरोबर १६ मिमीचा बोलेक्स मूव्ही कॅमेरा, १३५ मिमीची लेन्स, ट्रायपॉड, दुर्बीण. पाच दिवस काही नाही. वारा, थंडी, डोळे ताणून ताणून दुखायला लागलेले. शेवटच्या दिवशी सकाळी वैतागून फॉयर्स गावातल्या हॉटेलकडे नाश्त्याला परत येत होता, डोंगरउतारावरून गाडी खाली येतीये, खाली अख्खं तळं दिसतंय, आणि त्याला पाण्यात काहीतरी दिसलं, किलोमीटरच्या वर लांब. दुर्बीण लावली. तांबूस-तपकिरी, लंबगोल, पाण्याच्या वर आलेली पाठ, तिच्या डाव्या अंगाला गडद डाग. आणि ते हलायला लागलं.

गाडीतच कॅमेरा लावलेला होता, सुरू केला. पाठ पलीकडच्या काठाकडे नागमोडी जातीये, मागे लाट उठतीये, मग डावीकडे वळून काठाला समांतर पळतीये, हळूहळू पाण्यात बुडत चाललीये. जवळजवळ चार मिनिटांची फिल्म. आणि मग त्याला वाटलं की रीळ संपत आलंय, उरलेल्या थोड्या फुटांत जवळून शॉट घ्यावा. म्हणून कॅमेरा बंद केला, गाडी दामटत खाली पाण्याजवळ आला, उतरून पळत गेला. तळं शांत. काही नाही.

मी हा भाग वाचतो तेव्हा दर वेळी मनात म्हणतो, अरे बाबा थांब, बंद करू नकोस. पण आपणही तेच केलं असतं.

मग फिल्ममध्ये दिसतं काय?

खरं सांगू, एक ठिपका. आणि ठिपक्यामागे पांढरी रेघ.

हिशेब करून बघा, दहावीचं गणित आहे. १३५ मिमीची लेन्स, वस्तू एक किलोमीटरवर, आणि तिची रुंदी दीड मीटर धरा. फिल्मवर तिची प्रतिमा येते १.५ × १३५ ÷ १०००, म्हणजे ०.२ मिमी. मिठाचा दाणा याहून मोठा असतो. एवढ्या जागेत फिल्मचे कण किती मावणार आणि त्यातून कातडी, कल्ले, डोळे काय दिसणार. लोक म्हणतात फिल्म धूसर आहे, अहो धूसर नाहीये, लांब आहे. पुढे कितीही एनलार्ज करा, कॉम्प्युटरला घाला, जे कणात नाही ते येणार कुठून. १९९० च्या दशकात एका टीव्ही कार्यक्रमासाठी कॉम्प्युटरवर झालं ते, आणि कुणाला पाण्याखाली सावली दिसली, कुणाला नाही दिसली.

तो ठिपका साधी मोटरबोट नसेल कशावरून?

वा. हा प्रश्न डिन्सडेललाच पहिल्यांदा पडला होता आणि याच्यामुळे मला हा माणूस आवडतो.

त्याच दिवशी नंतर त्याने हॉटेलच्या मालकाला विनंती केली की बाबा, तुझी होडी घे, इंजिन लाव, आणि मघाशी ते ज्या वाटेने गेलं साधारण त्याच वाटेने जा. स्वतः पुन्हा वर त्याच जागी आला आणि त्याच कॅमेऱ्याने होडी शूट केली. चौदा-पंधरा फुटी होडी, लांबी माहीत, वेग माहीत. म्हणजे फ्रेममध्ये मोजपट्टीच ठेवली. आम्ही पक्क्या मापाचा मास्टर पीस ठेवतो ना शेजारी, तसं.

विचार करा, माणसाने आयुष्यातली सगळ्यात थरारक गोष्ट दोन तासांपूर्वी बघितलीये असं त्याला वाटतंय, हात थरथरत असतील, घरी फोन करावासा वाटत असेल, आणि हा गडी म्हणतो की थांबा, कंट्रोल शॉट, म्हणजे तुलनेचा शॉट राहिलाय. नेसीच्या सगळ्या इतिहासात एवढ्या शिस्तीने वागलेले लोक फार थोडे.

आता पुढची मजा. १९६६ मध्ये ही फिल्म जेएआरआयसी कडे गेली, म्हणजे एअर फोर्सचं हवाई फोटो वाचणारं केंद्र, शत्रूचे तळ नि विमानं फोटोवरून ओळखणारे लोक. त्यांनी होडीच्या शॉटशी ताडून हिशेब काढला, पाठ पाण्याच्या वर तीन-साडेतीन फूट, रुंदी पाच-साडेपाच फूट, वेग ताशी १० मैलांच्या आसपास, आणि होडी किंवा पाणबुडी वाटत नाही म्हणून बहुधा सजीव. "बहुधा" हा शब्द त्यांचा, पेपरवाल्यांनी तो गाळला. आणि हे "सजीव" त्यांनी काही बघून म्हटलेलं नाही, बाकीचं वगळून उरलं ते म्हटलं. हे मला नेहमी खटकतं. रिजेक्शन रिपोर्टमध्ये कारण माहीत नसेल तर आम्ही "मटेरियल डिफेक्ट" लिहून मोकळे होतो त्यातलाच प्रकार.

एड्रियन शाइन म्हणून एक आहेत, तेही हौशीच, १९७० च्या दशकापासून त्या तळ्यावर काम केलेले, त्यांचं म्हणणं की ती होडीच, आणि फ्रेम एकावर एक रचल्या की मागे बसलेला माणूसही जाणवतो. आणि कंट्रोल शॉट? तो वेगळ्या उजेडातला. सकाळी गडद दिसणारी होडी ऊन चढल्यावर उजळ दिसते. त्यात तपकिरी पाठ, काठाला समांतर सरळ जाणं, ताशी १० मैल, हे सगळं एखाद्या कोळ्याच्या होडीला पण चपखल बसतं.

माझं मत विचाराल तर होडी. सत्तर-ऐंशी टक्के तरी. पण बघा, होडी आहे असं म्हणायला सुद्धा आपण त्याचीच मोजपट्टी वापरतोय.

त्याने खरंच नोकरी सोडली?

हो. जून १९६० मध्ये बीबीसीच्या पॅनोरामा कार्यक्रमात फिल्म दाखवली गेली आणि तो एका रात्रीत प्रसिद्ध झाला. त्यानंतर काही वर्षांत इंजिनिअरिंगची नोकरी सुटली आणि पुस्तकं, व्याख्यानं यावर गाडं चालू राहिलं. पहिलं पुस्तक १९६१ चं.

मग घरच्यांनी चालवून कसं घेतलं?

हे मला माझ्या बायकोने विचारलं, तिच्या डोळ्यात बघून मी विषय बदलला.

पन्नासच्या वर मोहिमा केल्या माणसाने, बऱ्याचशा एकट्याने. रेडिंग ते इन्व्हर्नेस नऊशेच्या आसपास किलोमीटर, पुणे ते हैदराबाद नि वर अजून बरंच काही, ते सुद्धा १९६० च्या रस्त्यांवर. तिथे वॉटर हॉर्स नावाच्या छोट्या बोटीत मुक्काम. नाव मुद्दाम ठेवलेलं, स्कॉटलंडच्या लोककथांत पाण्यात राहणारा घोडा असतो, पाठीवर बसवून नेतो आणि बुडवतो. त्या बोटीत स्टोव्ह, चहा, ओले कपडे, चारी बाजूंना कॅमेरे, आणि संध्याकाळी मिज नावाच्या चावऱ्या चिलटांचे थवे. पुढेही आपल्याला प्राणी दिसल्याचं तो सांगायचा, पण १९६० सारखी फिल्म त्याला पुन्हा कधी मिळाली नाही. सत्तावीस वर्षं. पोरं मोठी झाली, एका मुलाने नंतर बापाचं चरित्र लिहिलं. म्हणजे राग धरला नसावा, किंवा धरून सोडला असावा.

असा वेडा एकटाच होता का?

छे. १९६२ मध्ये डेव्हिड जेम्स नावाचे खासदार, पक्षी-चित्रकार पीटर स्कॉट वगैरेंनी मिळून नेसी शोधायला एक ब्यूरो काढला होता, दहा वर्षं चालला. उन्हाळ्यात स्वयंसेवक यायचे, काठावर गाड्यांवर तोफेसारख्या लेन्स लावून पाळीपाळीने पहारा. आपल्याकडे वारीत दिंडीची व्यवस्था असते तशी यांची शिफ्ट, स्वयंपाक, सगळं. १९६९ मध्ये एक अमेरिकन तर एकट्याने बसायची पिवळी पाणबुडी घरी बनवून घेऊन आला, त्या चहात त्याला काय दिसणार.

पण डिन्सडेलच्या तोडीचा माणूस म्हणजे रॉबर्ट राइन्स. बोस्टनचा, एमआयटीत शिकलेला, पेटंटचा वकील, स्वतः रडार आणि सोनारमधला (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू ओळखायचं तंत्र) संशोधक, अमेरिकेच्या इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये नाव, लॉ कॉलेज काढलं, वर नाटकांना संगीत देणं. एका माणसात एवढं सगळं. १९७२ च्या जूनमध्ये बायकोबरोबर असताना त्याला तळ्यात मोठी पाठ दिसली आणि खलास, पुढची पस्तीस-छत्तीस वर्षं तो येत राहिला.

राइन्सचं डोकं असं की वर बसून वाट कशाला बघायची, पाण्याखाली कॅमेरा सोडू, स्ट्रोब, म्हणजे क्षणभर लखलखणारा फ्लॅश लावू. ती स्ट्रोब एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनची, तोच तो, दुधाच्या थेंबाचा मुकुट नि सफरचंदातून जाणारी गोळी यांचे फोटो काढणारा. ऑगस्ट १९७२ मध्ये एक फोटो आला, चौकोनी वल्ह्यासारखा पाय. १९७५ मध्ये अजून काही, एकात म्हणे डोकं. पीटर स्कॉट इतके खूश की नेचरसारख्या नियतकालिकात प्राण्याचं शास्त्रीय नाव छापलं, नेसिटेरास रॉम्बॉप्टेरिक्स, कारण नाव असेल तर कायद्याने संरक्षण देता येईल. मग कुणाच्यातरी लक्षात आलं की त्या इंग्रजी अक्षरांची अदलाबदल केली की "मॉन्स्टर होक्स बाय सर पीटर एस" असं होतं, म्हणजे सर पीटर यांनी केलेली बनवाबनवी. राइन्सने पण तीच अक्षरं फिरवून उत्तर दिलं, "येस, बोथ पिक्स आर मॉन्स्टर्स, आर", म्हणजे होय, दोन्ही फोटो राक्षसांचेच, सही राइन्सच्या आर ची. पेटंटचा वकील तो, हरेल कसा.

पण त्या पायाच्या फोटोचं पुढे असं निघालं की कॉम्प्युटरने साफ केलेला मूळ फोटो आणि छापलेला फोटो यांत फरक आहे, मधे कुणीतरी ब्रश फिरवलाय. आणि डोकं म्हणजे तळाशी पडलेलं झाडाचं खोड, तसं एक खोड १९८७ मध्ये वर काढून दाखवलं.

राइन्स शेवटी शेवटी म्हणायला लागला होता की प्राणी मेला असावा, आता तळाशी सांगाडा शोधू. २००९ मध्ये तो गेला.

सायन्सने कधी नीट शोधलं की नाही?

शोधलं. ऑक्टोबर १९८७ मध्ये ऑपरेशन डीपस्कॅन झालं, वीसेक बोटी ओळीने आडव्या लावून सोनारचा पडदा करून तळं झाडून काढलं. तीन सिग्नल असे आले ज्यांचं नीट उत्तर मिळालं नाही, पण प्राणी नाही. दोन महिन्यांनी डिन्सडेल गेला.

मग २०१८ मध्ये न्यूझीलंडचे जनुकशास्त्रज्ञ नील गेमेल आले. पाण्यात प्रत्येक जीव आपली कातडी, शी-शू, खवले टाकत असतो, त्यातला डीएनए गाळून वाचायचा. वेगवेगळ्या खोलीवरचे अडीचशेच्या आसपास नमुने. सरपटणाऱ्या प्राण्याचा एक धागा पण नाही. ईल माशाचा, म्हणजे आपल्या वाम-अहिरासारख्या लांबड्या माशाचा, डीएनए मात्र जिथे तिथे. म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये ते म्हणाले की मोठा ईल असू शकतो, अगदीच नाही म्हणता येत नाही. पेपरात हेडिंग आलं, नेसी म्हणजे राक्षसी ईल. डीएनए प्राणी कोणता ते सांगतो, लांबी नाही सांगत.

मला सगळ्यात पटतं ते जेवणाचं गणित. त्या थंड काळ्या पाण्यात मासे किती, तर सोनारवरून काढलेला अंदाज २० टनांच्या आसपास. शिकार करणाऱ्या प्राण्यांचं वजन त्यांच्या भक्ष्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच जगू शकतं, म्हणजे सगळे मिळून दोन टन. आता प्राणी टिकायला एक जोडी पुरत नाही, कळप हवा. दोन टनांत कळप बसवा, एकेकाच्या वाट्याला किती येतं बघा. शिवाय दहा-बारा हजार वर्षांपूर्वी तिथे नुसतं बर्फ होतं, डायनासोरच्या काळापासून कोण तिथे लपून बसणार.

मग लोकांना दिसतं काय? सगळे खोटारडे?

नाही, फार थोडे. उंच काठांचं अरुंद तळं, बोट गेली की तिची लाट काठावर आपटून परत येते, समोरच्या लाटेला भेटते, आणि बोट दिसेनाशी झाल्यावर सुद्धा शांत पाण्यात ओळीने काळे उंचवटे चालत राहतात. पोहणारं हरीण, बदकांची रांग, ऊदमांजर, तरंगणारं खोड. यातलं काहीही किलोमीटरवरून बघा, लहान मोठं कळतच नाही कारण पाण्यावर शेजारी मोजायला काही नसतं.

आपल्याकडे असं काही?

आहे, आणि त्यात खरंच सापडलेलं पण आहे. रानपिंगळा. छोटं घुबड, १८७३ मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने नोंदवलेलं, शेवटचा खात्रीचा नमुना १८८४ चा, नंतर ११३ वर्षं कुणाला नाही. सालिम अलींसारख्यांनी पण शोधलं. अडचण अशी की मधे १९१४ चा एक नमुना होता, गुजरातमधल्या मांडवीचा, कर्नल माइनर्ट्झहागेन या बड्या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने मिळवलेला, त्यामुळे लोक तिकडे पण शोधत होते. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी म्युझियममधल्या कातड्या तपासल्या, एक्स-रे काढले, आणि कळलं की कर्नलसाहेबांनी ब्रिटिश म्युझियममधलाच जुना नमुना चोरून, भुसा बदलून, नवं लेबल लावलं होतं. लेबल बदललं! आमच्याकडे याला घरी पाठवतात. मग मांडवी सोडून जुन्या खऱ्या जागांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ, खानदेशात, रानपिंगळा फांदीवर बसलेला. दिवसाढवळ्या. नंतर तोरणमाळ, मेळघाट, अगदी तानसाला पण मिळाला.

तसाच जर्डनचा धाविक हा पक्षी पुन्हा सापडला, जानेवारी १९८६, आंध्रातल्या कडप्प्याकडे. मुंबईच्या बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) लोकांनी गावागावात चित्रं दाखवली होती, आणि पक्षी पकडणाऱ्या एका स्थानिक माणसाने रात्री बॅटरीच्या उजेडात तो आणून दिला.

उलट बाजूने मेघालयातला मांडे बुरुंग, आपला देशी बिगफूट. त्याचे म्हणून केस २००८ मध्ये इंग्लंडला तपासले, निघाला गोरल, डोंगरातला बकरीसारखा प्राणी. आणि एप्रिल २०१९ मध्ये आपल्या आर्मीने नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ यतीची पावलं म्हणून फोटो टाकले, ३२ बाय १५ इंच. त्यावर जे मीम आले ते तुम्हाला माहीतच आहेत. पण एक सांगतो, माप दिलं होतं बिचाऱ्यांनी, तेवढं तर आपले चित्ता-दिसला-बिबट्या-दिसलावाले पण देत नाहीत.

आत्ता तिथे कोणी आहे का?

स्टीव्ह फेल्थम. १९९१ पासून डोर्स गावाच्या किनाऱ्यावर एका जुन्या व्हॅनमध्ये मुक्काम, गिनीजमध्ये नाव. आधी घरांना चोर-अलार्म बसवायचं काम करायचा. मातीचे छोटे नेसी बनवून विकतो. काही वर्षांपूर्वी तो पण म्हणाला की कदाचित वेल्स कॅटफिश, म्हणजे एक मोठा युरोपियन मांजरमासा असेल, तरी मुक्काम हलवला नाही.

आणि २०१६ मध्ये एका रोबोटने सोनारने तळ खरवडून काढला तेव्हा खरंच नऊ मीटरचा, लांब मानेचा आकार सापडला. सिनेमासाठी बनवलेली नेसी. दिग्दर्शकाला पाठीवरचे उंचवटे आवडेनात म्हणून काढायला लावले, तरंगायची ताकद त्यातच होती, गेली तळाला.

तुम्ही स्वतः गेलायत का? काही दिसलं?

गेलो होतो, कंपनीच्या कामाने इंग्लंडला होतो तेव्हा तीन दिवस काढून, बायको पण बरोबर. सगळे तळ्याच्या पश्चिम काठावरच्या ड्रमनाड्रॉकिट गावाच्या बाजूला जातात, किल्ला, दुकानं, नेसीची टोपी, सगळं तिकडे. आम्ही हट्टाने पलीकडे फॉयर्सला गेलो. तिथे जुना ॲल्युमिनियमचा कारखाना होता, १८९६ चा, धबधब्याच्या विजेवर चालणारा, आणि आता पंप्ड स्टोरेजचं वीजघर आहे, आपल्या घाटघरसारखं, गरज नसताना पाणी वर चढवायचं नि गरज पडली की सोडायचं. बायको म्हणाली, स्कॉटलंडला येऊन पण तू टर्बाइनच बघणार का.

मग वरच्या रस्त्यावर थांबलो. पाणी एकदम सपाट. आणि खरंच सांगतो, मधोमध तीन काळे उंचवटे, ओळीने, सरकतायत. बोट कुठेही नाही. छातीत धडधड झाली राव, एवढं सगळं वाचलेलं असून. मोबाइलवर फोटो काढला. मग अक्कल आली आणि म्हटलं पुढची टुरिस्ट बोट जाईपर्यंत थांबायचं. चाळीस मिनिटं. वारा सुटलेला, बायको गाडीत जाऊन बसली. बोट आली, गेली, वळणाआड दिसेनाशी झाली, आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच तीन उंचवटे, तिथेच. दुसरा फोटो काढला.

परत आल्यावर फोन बदलला, फोटो व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे झाले, वेळ-तारीख उडाली. फाइलला नावं देणार होतो, राहिलं. आता दोन्ही शेजारी ठेवले की बायको विचारते, यातला राक्षस कुठला आणि लाट कुठली, आणि मला सांगता येत नाही.